मीनाताईचे पाच मार्क

जव्हारच्या यष्टी स्टँडपासून जरा वर चढून गेलं की एका बँकेची शाखा लागते. तिथल्या दुसऱ्या खिडकीत मीना वारघडे बसते. पासबुक भरून हवं असो, यंत्रावर अंगठा उठत नसो, की पोराच्या शिष्यवृत्तीचं खातं बंद पडलेलं असो, म्हातारी माणसं पहिली खिडकी मोकळी असली तरी मीनाच्याच रांगेत उभी राहतात. मीना मोखाड्याकडची, पोशेऱ्याची. समोरचा माणूस कोणत्या पाड्यावरचा, हे ती त्याच्या दोन वाक्यांत ओळखते आणि त्याच्याच बोलीत उत्तर देते. काही शहाण्यांचं म्हणणं, बाई खिडकीत फार गप्पा मारते. मारते ना. गप्पा मारता मारता समोरच्याचं काम उरकते, ते या शहाण्यांना दिसत नाही.

पण जव्हार-मोखाड्याच्या पोरापोरींत तिचं नाव आहे ते खिडकीमुळे नाही, कटऑफमुळे. बँकेच्या भरतीत पूर्वपरीक्षा होते, मुख्य परीक्षा होते, मग मुलाखत, आणि सगळ्यांचे मार्क एका मापात बसवून शेवटची यादी लागते. त्या यादीतला सगळ्यात खालचा माणूस जितक्या मार्कांवर आत शिरतो, तो कटऑफ. हा आकडा यादीबरोबरच कळतो, आणि यादीला महिने लागतात. तोवर पोरांचा जीव टांगणीला. यादी लागण्याआधीच कोण कुठल्या शाखेत जाणार यावरून अभ्यासिकेत भांडणंसुद्धा होतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मोबाईलवर अंदाज सांगणारे तर पैशाला पासरी मिळतात. ते कुठेतरी लांब बसून उंटावरून शेळ्या हाकतात. आपल्या राज्यात आदिवासींच्या जागा किती, मागच्या तीन वर्षांत कुठे थांबलं, पास झालेल्यांतले किती जण वनरक्षक नाहीतर तलाठी म्हणून आधीच चिकटलेत आणि बँकेची जागा सोडून देणार, याचा त्यांना पत्ता नसतो. मीनाला असतो, कारण ती विचारते. इकडच्या पोरांना स्वतः विचारते; सुरगाणा, धडगाव, धारणी या बाजूंना तिच्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या मैत्रिणी विचारतात. शितावरून भाताची परीक्षा. तिचा अंदाज बहुतेक खरा ठरतो.

हा नाद तिला उगीच नाही लागला. ती स्वतः पहिल्यांदा मुख्य परीक्षा पास झाली तेव्हा तिला कोणीच काही सांगू शकलं नव्हतं. मार्क कमी वाटले, म्हणून तिने आशा सोडली आणि मावशीबरोबर नाशिककडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत आलं, कागद तपासायला बोलावणं आलं, तारीखही होऊन गेली, आणि हे सगळं तिला कळलं ते बागेतून परत आल्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा बागांचे दिवस आले. तेव्हा तिचा बाप पोश्या, ज्याने जन्मात कधी शाळेची पायरी चढली नव्हती, तो म्हणाला, "यंदा तू येव नको. यादी लागस्तंवर घरीच ऱ्हा. मी जातो एकला." तो एकटा गेला. आई रामीनं घर ओढलं. आणि मीनाला नोकरी लागली. आज ती येईल त्याला सांगते, "माझी खुर्ची माझ्या बाच्या त्या एका बोलण्यावर उभी आहे." सांगताना दर वेळी तिचे डोळे भरतात. पोरं एकमेकांना कोपर मारतात, पण ऐकून घेतात.

म्हणून दर रविवारी ती समाजमंदिरात बसते आणि पोरांना सांगते: थांब, नाहीतर जा. कोणी थांबायचं आणि कोणी दुसरं काम धरायचं, हे वेळेवर कळलं तर एक आयुष्य मार्गाला लागतं, असं तिला मनापासून वाटतं.

आता तिच्या अंदाजातली एक खोच सांगायला हवी. आमच्या डोंगरातली माणसं उभ्या पिकाचं माप तोंडाने काढत नाहीत. भात कापून खळ्यावर आलं, कणसरीची, म्हणजे धान्याच्या मायची, पूजा झाली, की मग मोजायचं. मोजतानाही पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. त्याआधी कोणी विचारलंच, यंदा किती होईल, तर उत्तर ठरलेलं: कसलं काय, उंदरांनीच खाल्लं निम्मं. बोलणाऱ्याच्या पाठीमागे शेत कमरेएवढं डोलत असतं, तरी हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि शेतात वाढलेली पोरं मार्क म्हणजेही उभं पीकच समजतात. मुख्य परीक्षेचे मार्क मोबाईलवर आलेले असतात, चार वेळा बघून झालेले असतात, पण ताईने विचारलं की पोरगा मान खाजवत पाच-सहा कमी सांगतो. यादी लागली नाही ना अजून, नजर कशाला लावून घ्या.

पहिल्या वर्षी मीना यात फसली आणि तिचा अंदाज पार आपटला. मग तिच्या ध्यानात आलं, कारण तिच्या बापाचंही खळं तसलंच. तेव्हापासून कोणीही मार्क सांगितले की ती मनात पाच वाढवते आणि मगच हिशोब करते. हे ती कोणाला सांगत नाही. सांगितलं तर पोरं दहा कमी सांगतील.

त्या वर्षी वावरची रविना मुकणे तिच्याकडे आली. ग्रामीण बँकेच्या अधिकारीपदाची मुख्य परीक्षा पास झालेली, मुलाखतीचं बोलावणं आलेलं. वावरच्या तिच्या वस्तीतून इथवर पोचलेली ती पहिलीच. बाप मंगळ्या, आई हिरी, दोघं दर वर्षी दिवाळी झाली की पडघ्याकडे वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. रविना आश्रमशाळेत शिकली, मग जव्हारच्या कॉलेजात. मोजकं बोलायची, तेही खाली बघून. शाळेत, वस्तीत, घरात, "शिकलीस तेवढं पुरे" हेच तिच्या कानावर आलेलं.

"ताई, पडघ्याला गोदामात मला काम मिळतंय," ती म्हणाली. "भट्टीच्या जवळच हाय. आईबाबांबरोबर राहता येईल. पण भट्टीवर जाणारा टेम्पो बुधवारी निघणार, आणि कामावर लगेच हजर व्हायचं. सुरुवातीला सुट्टी नाही. गेले तर मुलाखत सुटली. मोबाईलवर सगळे सांगतात, सत्तरवाल्यांनी मुलाखतीला जाऊच नये."

"तुला सत्तर आहेत?"

"सत्तर. दोनशेपैकी."

मीनानं पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपच्या पाठीवर सवयीनं पंचाहत्तर लिहिले आणि तिच्यासमोर हिशोब मांडला. मुख्य परीक्षेचे दोनशे शेवटच्या यादीत ऐंशीच्या मापात बसतात, म्हणजे पंचाहत्तराचे तीस. मुलाखतीला वीस. यंदा आपल्या यादीचा कटऑफ चाळीसच्या आसपास थांबणार. तिसात दहा मिळवायचे. वीसपैकी दहा, निम्मे. आपल्याकडची पहिल्यांदा जाणारी पोरंही नऊ-दहा आणतात.

"बसतेस तू," मीना म्हणाली. "गोदामाला नाही म्हणून सांग. मुलाखत होईपर्यंत माझ्या घरी राहा."

रविना त्या स्लिपकडे बघत राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने ती उचलली, घडी घालून दप्तरात ठेवली आणि "बरं, ताई" एवढंच म्हणाली. मीनाला वाटलं, पोर भारावली.

बुधवारी सकाळी स्टँडच्या पलीकडे टेम्पो उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबडीची टोपली, वर पोरं. रविनाला पोचवायला हिरी खाली उतरली होती. तिने लेकीच्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी दिली आणि मीनाच्या पायाला हात लावायला वाकली. मीनानं तिला अर्ध्यातच धरलं आणि अवघडलेपण घालवायला म्हणून थट्टा केली, "मावशी, पोरीला चांगलं शिकवलंत हां. मार्क किती लपवते ती."

हिरीला थट्टा समजली नाही. "लपवायला काय हाय आमचेजवळ, मीनाबाय?" ती म्हणाली. "आमाला शेत नाय, खळा नाय. नजर लागंल असा काय पण नाय. सत्तर पडलं पोरीला, तर सत्तरच सांगल तिनी."

आता मीनाच्या डोक्यात उजेड पडला. खरंच की. उभं पीक झाकायचं ते ज्याचं पीक आहे त्याने. दुसऱ्याच्या बांधावर राबून, दुसऱ्याच्या भट्टीवर विटा पाडून जगणाऱ्या घरात ही रीत यायची कुठून? पोरीनं खरं ते सांगितलं होतं, आणि आपण आपल्या खळ्याचं माप तिच्या पदरात घातलं. पाचाचे शेवटच्या मापात दोन होतात. दिसायला दोनच, पण ते मुलाखतीच्या विसातून काढायचे. दहाच्या जागी बारा हवेत. बारा आपल्याकडच्या कितीशा पोरांना मिळाले? तिला एक नाव आठवेना. बोटांवर मोजायलासुद्धा नाही.

टेम्पोचं इंजिन चालू होतं. मागच्या फळीवर अजून एका माणसाची जागा होती. गोदामाचं काम हातचं गेलं नव्हतं. आत्ता बोललं तर पोर चढून जाईल, आईबापाच्या सोबतीला राहील. मीना म्हणाली, "रविना, जरा थांब, मला त्या हिशोबात..."

"आई, जा तू," रविना मध्येच म्हणाली. एरवी मोठ्यांचं बोलणं कधी न तोडणारी पोरगी. "टेम्पो खोळंबलाय. बाबा हाका मारतो." आणि तिने आईला जवळजवळ ढकलतच फळीवर चढवलं. टेम्पो वळणावरून गेला. मीना तिथेच उभी, आणि तिच्या शेजारी नागलीची पिशवी घेऊन रविना.

पुढचे दिवस मीनाला कसे गेले ते तिचं तिला माहीत. सांगावं तर पोरीचा धीर सुटणार, आणि आता सांगून जायचं तरी कुठे, गोदामात दुसरी कोणी लागलेली. न सांगावं तर आपण खोट्या. इकडे आड, तिकडे विहीर. जेवताना घास फिरायचा. रविना मात्र पोटभर जेवायची, भाकऱ्या थापायची, चुलीवरच्या चहाला नावं ठेवायची. तिला बघून मीनाला आणखीच अपराधी वाटायचं.

शेवटी तिने एक केलं. दोन मार्क आभाळातून पडणार नव्हते, तेव्हा ते पोरीकडूनच काढायचे. शाखेतला पंकज सावरा, तरुण अधिकारी, त्याला तिने विनवलं. तो रोज बँक सुटल्यावर अर्धा तास थांबायचा आणि साहेबाचा चेहरा करून प्रश्न विचारायचा. रविनाला उत्तरं यायची, पण आवाज गळ्यातच राहायचा आणि नजर फरशीवर. पंकजनं हात टेकले. "ताई, हिला सगळं येतं. पण ऐकू कोणाला येणार?"

तेव्हा मीनाला ढवळू आजा आठवला. ढवळू आजा म्हणजे साखरशेतचा म्हातारा, ठार बहिरा आणि तितकाच भांडखोर. निराधारचं अनुदान जमा झालं का, हे विचारायला तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि झालं नाही म्हटलं की सगळ्या शाखेचा उद्धार करायचा. मीनानं रविनाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून दे, आणि आजाला समजावायचं काम तुझं. पहिल्या दिवशी आजानं तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या वेळी ती त्याच्या कानाशी ओरडली, त्यानं उलट ओरडून विचारलं, तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून परत सांगितलं. खिडकीपलीकडचे सगळे लिहायचे थांबले. महिनाभरात अशी गत झाली की आजा आत आला की थेट तिच्याकडे जायचा आणि तिचं ऐकून मुकाट्याने परतायचा. बहिऱ्या आजाला पटवणाऱ्या पोरीला मुलाखत घेणारे मुंबईचे तीन साहेब म्हणजे काय. मीनाला हसू यायचं, आणि लगेच ते बारा आठवायचे.

मुलाखतीला मीना स्वतः रजा टाकून तिच्याबरोबर गेली. रविना आत जाऊन आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "बोलले, ताई. मोठ्याने बोलले. एक साहेब म्हणाले, जरा हळू बोललीस तरी चालेल." एवढं सांगून तिने डबा उघडला.

मग वाट बघणं; रविना मीनाकडेच राहिली. आता मीनाचा जीव टांगणीला. एरवी दुसऱ्यांना धीर देणारी बाई स्वतःच मोबाईलवरचे अंदाज बघू लागली. देवळापुढून जाताना हात जोडायची. देवीला ती काय मागायची ते तिने नंतर सांगितलं: "म्हटलं, माझा अंदाज चुकू दे. यंदा एकदाच चुकू दे. कटऑफ दोनने खाली येऊ दे."

देवीनं ऐकलं नाही. यादी लागली तेव्हा कटऑफ चाळिसाच्या केसभर खाली थांबला होता. मीनाचा अंदाज नेहमीसारखा खरा ठरला होता. आणि त्याच यादीत, अगदी खालच्या बाजूला, रविना मंगळ्या मुकणे हे नाव होतं. चाळिसाच्या केसभर वर. मुलाखतीत बारा आणि वर थोडे.

बँकेत तेव्हा भर गर्दीची वेळ. मीना खिडकी सोडून उठली, बाकावरच्या रविनाला तिने मिठी मारली आणि तशीच उभी राहिली. रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. पंकजनं तिच्या खिडकीचं काम स्वतःकडे घेतलं. हिरीला फोन लावला. भट्टीवर मुकादमाच्या मोबाईलवर ती आली. आधी तिला कळेचना. दोनदा सांगितल्यावर कळलं. मग म्हणाली, "मीनाबाय, तू नसतीस तं माझी पोर आज माझे संगती माती तुडवत असती. तुझा उपकार कसा फेडू गं?"

हे ऐकलं आणि मीनाला राहवेना. उपकार कसले. तिने फोन ठेवला, रविनाला घरी नेलं आणि समोर बसवून सगळं सांगितलं. "रविना, मी तुला फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. सगळी पोरं मार्क लपवतात म्हणून मी पाच वाढवून धरते. तुझेही धरले. तुझे खरेच सत्तर होते. मला तेव्हा कळलं असतं ना, तर मी तुला सांगितलं असतं, नाही बसत तू, गोदामाचं काम धर. माझ्या तोंडानं सांगितलं असतं. माझा हिशोब बरोबर असता तर तू आज भट्टीवर असतीस. तुझी आई माझे उपकार मानते, आणि मी इथे देवाचे उपकार मानतेय की मी चुकले."

रविना खाली बघत नव्हती. ती मीनाकडेच बघत होती.

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "मी सत्तर म्हटलं आणि तू पंचाहत्तर लिहिलेस, तेव्हाच पाहिलं मी. घरी जाऊन सत्तरचा हिशोब पण केला. बारा लागणार, ते मला त्याच दिवशी कळलं. टेम्पोजवळ तू सांगायला लागलीस, ते पण कळलं. म्हणून तर आईला घाईने चढवली."

"मग बोलली का नाहीस?"

"ताई, 'बसतेस तू' असं मला त्याआधी कोणीच म्हटलं नव्हतं. मी सांगितलं असतं, तुझं चुकलंय, तर तू ते खोडलं असतंस. मला ते खोडून नको होतं."

मीना उघड उघड रडली, आणि रविना उठून तिच्याजवळ बसली.